बेल्टखालचे दोन ठोके

देवसिंग राठोडला भुताखेताचं भय कधी वाटलं नव्हतं. तांड्यात वाढलेला माणूस, झरी जामणीच्या जंगलातून लहानपणी एकटा पायी आलेला, पुढं बावीस वर्षं कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टवर काढलेली. अशा गड्याला दिवसाढवळ्या, सकाळी अकरा वाजता, अठरा शिकाऊ पोरापोरींसमोर दरदरून घाम फुटावा, आणि तोही जानेवारीच्या थंडीत, म्हणजे काय म्हणावं! पण फुटला खरा. हातातला पाना खाली पडला, आणि "आज इतकंच" म्हणून त्यानं वर्ग सोडून दिला.

आता हा वर्ग कसला, ते आधी सांगायला हवं. वणी भागातले सहा-सात मालक, कोणी जिनिंगवाला, कोणी राजूरचा चुनाभट्टीवाला, कोणी ट्रकवाला, एक कोळसा धुणारी वॉशरी, एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. पण दुखणं सगळ्यांचं एकच होतं. कामाला माणूस मिळेना. मिळाला तर शिकलेला नसे, आणि शिकवून तयार केला की शेजारचा मालक चार महिन्यांत पळवून नेई. मग आणा बाहेरच्या राज्यातून माणसं, द्या त्यांना खोल्या, आणि होळीला ती गावी गेली की मशिनी बंद ठेवून बसा माशा मारत. जिनिंगवाले मारोतराव एका बैठकीत वैतागून म्हणाले, "अबे, आपल्याच पोरायले आपनच शिकवू ना बाप्पा! काय शिकवायचं ते आपन ठरवू, मास्तर आपला ठेवू. पास झाल्यावर पोरगं कोनाकडंबी लागो." त्या वैतागातून मालकांचं मंडळ निघालं आणि मंडळातून हे प्रशिक्षण केंद्र. राजूर रस्त्यावरची बंद पडलेली चुनाभट्टीची शेड एकानं दिली, वेल्डिंगचं सामान दुसऱ्यानं दिलं. सगळा कारभार बघायला अमरावतीची सुरभी नावाची हुशार पोरगी ठेवली. आणि बेल्ट शिकवायला देवसिंग. कारण बेल्टचं काम त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं, आणि वॉशरीतली नोकरी तर त्यानं दोन वर्षांपूर्वीच सोडली होती.

नोव्हेंबर-डिसेंबर सगळं झकास चाललं. फळ्यावर चित्रं काढायची, पुली म्हणजे काय, रोलर म्हणजे काय, ते सांगायचं. देवसिंगला शिकवायची गोडी लागली होती. मग जानेवारीत वॉशरीनं पोरांच्या हाताला सराव व्हावा म्हणून एक चालता बेल्ट केंद्राला भेट दिला. चाळीस फुटी, जुना. ट्रकमधून सांगाडा उतरला आणि देवसिंगनं त्याच्या तिसऱ्या पायावरचा हिरव्या रंगाचा पट्टा पाहिला. तो पट्टा त्यानंच कधीतरी मारला होता. तिथंच जमिनीवर तो मटकन बसला.

"काय झालं, काका?" सुरभीनं विचारलं.

"काही नाही मॅडम. थोडं पित्त झालं," तो म्हणाला.

पित्त कसलं! हा बेल्ट तोच होता. याच बेल्टखाली शाम आसुटकर गेला होता.

वॉशरीत एक रीत होती. कंपनीची नव्हे, कामगारांची. भोंगा होता, पण तो महिन्यातले वीस दिवस बिघडलेला, आणि वाजला तरी त्या गोंगाटात ऐकतो कोण? म्हणून बेल्ट सुरू करायच्या आधी बटनावरच्या माणसानं लोखंडी सांगाड्यावर पान्यानं तीन ठोके मारायचे. खाली कोणी सांडलेला कोळसा ओढत असेल तर त्यानं फावड्यानं दोन ठोके मारून उत्तर द्यायचं. दोन ठोके म्हणजे, मी आत आहे, थांब. काहीच आलं नाही तर बटन दाबायचं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कोणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं. दोन उन्हाळ्यांमागं, मे महिन्यात, दुपारी चार वाजता शाम गेला. त्या दिवशी बटनावर देवसिंग होता. चौकशीत त्यानं सांगितलं, "मी तीन ठोके मारले. उत्तर आलं नाही." बास, इतकंच. शामच्या खिशात मोबाईल सापडला, आणि मग सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं की पोरगं खाली बसून मोबाईल बघत होतं, ठोके ऐकलेच नाहीत.

बेल्ट केंद्रात बसवला, जोडला, आणि देवसिंगनं पोरांना ठोक्यांची रीत दाखवायला पाना उचलला. तीन ठोके मारले. ठण्, ठण्, ठण्. मग म्हणाला, "आता ऐका. उत्तर नाही आलं तरच..."

आणि खालून दोन ठोके आले.

कोणी चेष्टा करतंय असं वाटून तो वाकला. खाली स्वच्छ फरशी, कोणी म्हणजे कोणी नाही. पोरं शांत उभी होती. एकाच्याही चेहऱ्यावर काही दिसेना. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. घाम फुटला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्यानं मनाशी म्हटलं, पत्रा वाजला असेल. वणीचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला हे सांगायला नको. उन्हानं तापलेला पत्रा दुपारी असा टणकन वाजतो की बसलेला माणूस दचकून उठतो. पण जानेवारीत कुठला पत्रा वाजतोय? सकाळी तर पोरं स्वेटर घालून येत होती. त्यानं पुन्हा ठोकून पाहिलं, तर पुन्हा दोन ठोके आले. पुढचं काही कानावर पडायच्या आत तो घाईघाईनं तिथून निघाला, बाहेर नळाखाली डोकं धरून उभा राहिला. मग हे रोजचंच झालं. ठोकायचं, दोन ऐकायचे, आणि लगेच लांब पळायचं.

त्यानं बेल्टवर ताडपत्री टाकली. पोरांनी विचारलं तर कधी मोटर गरम होते म्हणायचा, कधी बेअरिंग गेलं म्हणायचा. ओम नावाचं एक चुणचुणीत पोरगं होतं. त्यानं मोटर खोलून पाहिली आणि म्हणालं, "सर, मोटर तं एकदम मख्खन हाये. काहून चालू नाही करून राह्यले?" देवसिंग त्याच्यावर इतका खेकसला की पोरगं रडवेलं झालं. नंतर त्यालाच वाईट वाटलं. त्यानं ओमला चहा पाजला, पण ताडपत्री काही काढली नाही.

घरी लालीबाईच्या नजरेतून हे सुटणार थोडंच होतं? चाळीस वर्षांचा संसार. ताटात ज्वारीची भाकरी तशीच राहायची, आणि नवरा भिंतीकडं बघत बसायचा. तिनं एक दिवस त्यांच्या गोरमाटी बोलीत सरळच विचारलं की तुमच्या वर्गात शामची बायको येते म्हणतात, तिला बघून तुमचा घास अडतो का? देवसिंगनं ताट बाजूला सरकवलं. लालीबाई म्हणाली, सेवाभायाला भोग लावा, मन शांत होईल. तांड्यावर जाऊन त्यानं भोग लावला, डोकं टेकवलं. दुसऱ्या दिवशी ठोकलं तर पुन्हा दोन. भोगानं काय होणार होतं? देवापुढंसुद्धा त्यानं खरं काय झालं ते सांगितलं नव्हतं.

होय, शामची बायको त्याच्या वर्गात होती. कोकिळा. तिशीची असेल, राजूरला राहायची, अकरा वर्षांची मुलगी होती. नवरा गेल्यावर दोन वर्षं तिनं लोकांच्या कापूस वेचणीला जाऊन काढली, आणि केंद्राची जाहिरात आली तशी पहिल्याच दिवशी येऊन उभी राहिली. सुरभीनं विचारलं होतं, कुठलं काम शिकायचं? शिवणकाम सोडून सगळं आहे. कोकिळा म्हणाली, "बेल्ट."

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तिला देवसिंगविषयी फार आदर होता. शामला नेलं त्या दिवशी देवसिंग ढसाढसा रडला होता, ते तिनं पाहिलं होतं. "आमच्या माणसाले शेवटचं पाह्यलं ते तुमीच, सर," ती एकदा डबा खाताना म्हणाली होती, आणि आपल्या डब्यातली तुरीच्या दाण्यांची आमटी त्याला वाढली होती. ताटात अन्न टाकायचं कसं, म्हणून देवसिंगनं ती डोळे मिटून गिळली.

मंडळानं शिकवायला एक पुस्तक छापलं होतं. त्यातला चौथा धडा सुरक्षेचा. वर्गात पुस्तक पाळीपाळीनं वाचायची पद्धत होती, आणि पाळी फिरत फिरत चौथ्या धड्याला नेमकी कोकिळावर आली. देवसिंग पटकन पुढं झाला. तो म्हणाला, "राहू द्या, बाई. हे मी वाचतो."

"वाचतो ना मी. काहून राहू देऊ?" ती उभी राहिली आणि अडखळत, बोट ठेवून वाचायला लागली. "उदाहरण. एका कामगाराने काम करताना मोबाईल पाहिल्यामुळे इशाऱ्याला उत्तर दिले नाही. त्यामुळे त्याला जीव गमवावा लागला. अपघाताचे कारण, कामगाराची हयगय."

वाचून झालं. सगळ्यांना माहीत होतं तो कामगार कोण ते.

"हे आमच्या शामचं हाये," कोकिळा म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "बरोबर लिहिलं हाये. घरीबी तो असाच होता. दहा बार हाक मारली तरी ओ देत नव्हता. सर, मले लोकं म्हनतात, तू रडत काहून नाही? मले रडू येत नाही. मले त्याचा राग येते. दोन ठोके मारायले किती वेळ लागते? एवढंबी नाही झालं त्याच्यानं माह्यासाठी? पोरीसाठी?"

ती खाली बसली. देवसिंगनं फळ्याकडं तोंड केलं. मेलेल्या माणसावर त्याची बायको दोन वर्षं रुसून बसली होती, आणि तो रुसवा देवसिंगनं लावून दिला होता. त्या क्षणी त्याला स्वतःची अशी किळस आली की शेडीतून पळून जावंसं वाटलं.

शनिवारी परीक्षा ठरली. सुरभीनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, मंडळाचे सगळे लोक येणार आहेत. अठरा जागा आहेत, तिथल्या तिथं पोरं निवडणार. पण बेल्ट चालवून दाखवला नाही ना, तर वॉशरीवाले म्हणतायत आम्ही बाहेरूनच माणसं आणू. आणि एक जण फुटला की बाकीचेही फुटतील, केंद्र बंद पडेल. कोकिळाताईंना तर मी शब्द दिलाय. ती मोटर काय ती दुरुस्त करून ठेवा, तुमच्या पाया पडते."

"पाया नको पडू बेटा," देवसिंग म्हणाला. "चालन बेल्ट."

शनिवार उजाडला. सकाळीच मंडळाच्या गाड्या आल्या. मारोतराव पांढऱ्या कपड्यात, गळ्यात मफलर, सगळ्यांची थट्टा करत आत शिरले. वॉशरीचे साहेबही होते, आखडून बसलेले. पोरं इस्त्रीचे कपडे घालून, डोक्यावर पिवळी टोपी ठेवून रांगेत उभी. देवसिंगनं ताडपत्री ओढून काढली. नियम त्यानंच शिकवला होता. ठोके मारायचे, उत्तराची वाट बघायची, मग मास्तरकडं बघायचं. मास्तरनं मान हलवली तरच बटन दाबायचं.

"पयली मी," म्हणत कोकिळा पुढं झाली.

तिनं पाना घेतला आणि तीन ठोके मारले. मग ती कान देऊन उभी राहिली, शिकवलं होतं तशी.

देवसिंगला ऐकू आले. दोन. आज पळायला जागा नव्हती. समोर मंडळ, मागं पोरं. त्यानं मान हलवायचा प्रयत्न केला. खरंच केला. अठरा पोरांची भाकर आपल्या एका मानेवर आहे, हे त्याला कळत होतं. मान दगडासारखी झाली होती.

"सर?" कोकिळा म्हणाली. तिला वाटलं त्याला ऐकायला कमी येतंय, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "सर, उत्तर आलं नाही. दाबू?"

चौकशीत त्यानं सांगितले होते तेच शब्द, शामच्या बायकोच्या तोंडून! देवसिंग सांगाड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "नका दाबू, बाई. उत्तर आलतं."

मारोतराव हसले. "कुठून आलं, मास्तर? खाली तं कुत्रंबी नाही."

"आजचं नाही सांगून राह्यलो, शेठ. त्या दिवशीचं. शामनं उत्तर देल्लं होतं. दोन ठोके. मी या कानानं ऐकले. ऊन लय होतं, मले वाटलं पत्रा वाजला. खाली ट्रकची लाइन लागलेली, सुपरवायझर वरून बोंबलून राह्यला होता. मी बटन दाबलं. अन् मंग चौकशीत म्हनलं का उत्तर आलं नाही. त्याचा मोबाईल खिशात होता, बाई. त्यानं हात नाही लावला मोबाईलले."

वॉशरीचे साहेब ताडकन उठले. "देवसिंग, काय बोलतोयस ते कळतंय का तुला? ती चौकशी कधीच संपली आहे."

"बसा हो साहेब," मारोतराव म्हणाले. आता ते हसत नव्हते.

कोकिळानं कोणाकडंच पाहिलं नाही. तिनं पाना देवसिंगच्या हातात दिला, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि पदर खोचून सरळ बेल्टखाली शिरली. "कुठं होता तो? इथं?"

"बाई, नका ना..."

"इथं का अजून मागं?"

"अजून मागं. शेवटच्या पुलीपाशी."

ती सरपटत मागं गेली. "मारा ठोके."

देवसिंगनं मारले. कसे मारले ते त्याचं त्याला ठाऊक. खालून कोकिळानं फावड्यानं दोन ठोके दिले, आणि सगळी शेड दणाणली. पोरांनी ऐकले, मंडळानं ऐकले, दारात उभ्या चहावाल्यानंसुद्धा ऐकले. लोखंडावर लोखंड. बहिऱ्यालाही कळावं असं.

"पत्रा असा वाजते का, सर?" खालून तिनं विचारलं.

"नाही बाई," देवसिंग म्हणाला. "असा नाही वाजत."

ती बाहेर आली. केसांत धूळ, कोपर सोललेलं. सुरभी रडत होती, तिला कोकिळा म्हणाली, "मॅडम, सर जे बोलले ते लिहून घ्या. अन् सह्या घ्या सगळ्यायच्या. तो चौथा धडा पुस्तकातून काढायचा." मारोतराव म्हणाले, "काढला समज, पोरी." मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माही परीक्षा राह्यली."

तिनं ठोके मारले. थांबली. मग शिकवलेलं नव्हतं ते केलं. गुडघ्यावर बसून, मान घालून बेल्टखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली. देवसिंगकडं न बघता बटन दाबलं. बेल्ट सुरू झाला. तिच्यामागून एकेक करत सगळ्या पोरांनी तसंच केलं.

देवसिंगनं कागदावर सही केली. त्याच्याकडं कोणी बघत नव्हतं. सुरभीनं खाली मान घालून सांगितलं की काका, सोमवारपासून येऊ नका. त्याला वाटलं होतं त्याहून हे सोपं गेलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. झालं एकदाचं, त्यानं मनाशी म्हटलं, आता जेलात टाकोत नाहीतर फाशी देवोत. कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

फाटकाशी कोकिळा उभी होती.

"आता माह्या घरी चला."

"बाई, मले काय बोलायचं ते इथंच बोला. जोडे मारा, मी उभा राह्यतो."

"मले नाही बोलायचं. खुशीले सांगा. शाळेत पोरं तिले म्हनतात, तुह्या बापाले मोबाईलनं खाल्लं. मीबी तेच म्हनत होती. आता तुमच्या तोंडानं सांगा तिले."

ऑटोनं दोघं राजूरला आली. एका खोलीचं घर, लोखंडी पलंग, भिंतीशी कपाट. खुशी पलंगावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होती. पाहुणा दिसल्याबरोबर तिनं उठून पाण्याचा गडू आणून दिला. देवसिंगनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाली ठेवला. या घरचं पाणी पिण्याची त्याला लाज वाटली.

मग त्यानं सांगितलं. लहान लेकराला सांगावं तसं, सावकाश. तीन ठोके म्हणजे काय, दोन म्हणजे काय, ऊन किती होतं, पत्रा कसा वाजतो. कोकिळा स्टोव्हपाशी पाठ करून उभी होती, चहा ठेवायचा की नाही ते ठरत नसल्यासारखी.

"म्हणजे पप्पा मोबाईल नव्हते पाहत?" शेवटी खुशीनं विचारलं.

"नाही बेटा."

"अन् त्यायनं उत्तर देल्लं होतं?"

"देल्लं होतं."

खुशीनं हातातली शेंग ठेवून दिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की देवसिंगला बघवेना. "कसं? मले वाजवून दाखवा. पप्पानं वाजवलं तसंच."

तिनं धावत जाऊन सांडशी आणली आणि त्याच्या हातात दिली. नाही म्हणायची सोय नव्हती. देवसिंगनं पलंगाच्या लोखंडी पायावर ठोकलं. ठण्. ठण्.

इथं त्यानं सांडशी खाली ठेवायला हवी होती. पण दोन वर्षं जे कानात घर करून बसलं होतं, ज्याच्यापासून तो रोज पळत होता, ते हाताला पाठ झालं होतं. हात पुन्हा उचलला गेला आणि आणखी दोन ठोके पडले, आधीपेक्षा जोरात आणि घाईघाईनं.

"चार," खुशी म्हणाली.

कोकिळानं वळून पाहिलं. "सर, तिथं तं तुमी दोनच सांगितले."

देवसिंगच्या हातातली सांडशी तशीच राहिली. बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. आता लपवायला उरलं काय होतं? त्यानं खुशीकडं पाहिलं, कोकिळाकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

"पयले दोन मले पत्रा वाटला," तो म्हणाला. "हे खरं हाये. पन दुसरे दोन आले तवा मले समजलं होतं, बेटा. खाली माणूस हाये, हे समजलं होतं. बटनावर बोट ठेवलेलं होतं. अजून दाबलं नव्हतं."

"मंग काहून दाबलं?"

हाच प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्यानंही स्वतःला कधी विचारू दिला नव्हता.

"थांबलो असतो तं सुपरवायझर अजून बोंबलला असता," देवसिंग म्हणाला.

खुशी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आणखी काहीतरी सांगेल म्हणून तिनं वाट पाहिली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"हो बेटा. एवढंच."